गायीचे दुखणे आणि सोडलेल्या दुधाचा खर्च

दुभत्या गायीला वेदनाशामक औषध देऊच नये, कारण ते दुधात उतरते आणि दूध पोराबाळांच्या पोटात जाते, असे मत वैभववाडीसारख्या, दावणीला एकदोन गायी आणि शेजारी रतीब असा व्यवहार असलेल्या भागात मनापासून मांडले जाऊ शकते. याच्या उलट मत असे की औषध उतरते ते नगण्य आणि दूध तर उकळूनच प्यायले जाते, तेव्हा सकाळी सुई टोचली तरी संध्याकाळची धार डेअरीत घालायला हरकत नाही. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली, तरी काही दिवसांचे दूध सोडून देण्याचा खर्च दोघांनाही टाळायचा आहे आणि वादाचे खरे मूळ तिथेच आहे.

गाय मुकाट्याने सोसते म्हणून तिला फारसे दुखत नाही, हे पहिल्या मताचे गृहीतक टिकणारे नाही. भक्ष्य होणारे प्राणी दुखणे लपवतात. रवंथ मंदावणे, दात खाणे, पाठीला बाक येणे, सुजलेल्या कासेला धक्का लागू नये म्हणून मागचे पाय फाकवून उभे राहणे, एवढ्याच खुणांवरून ते ओळखावे लागते. कासदाहात, म्हणजे जंतुसंसर्गाने कासेला सूज येणाऱ्या रोगात, प्रतिजैविक जंतूंना आवरते, सूज आणि कळ मात्र तिथेच राहते. न्यूझीलंडमधील गोठ्यांवर झालेल्या व 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गायींना प्रतिजैविकाबरोबर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिले असता कळपातून काढून टाकाव्या लागणाऱ्या गायी कमी झाल्या. म्हणजे औषध नाकारणे दयेच्याच नव्हे, व्यवहाराच्याही विरुद्ध आहे.

दुसऱ्या मतात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. मेलॉक्सिकॅमच्या वर्गातील बहुतेक वेदनाशामके सौम्य आम्ले असून रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात, आणि निरोगी गायीचे दूध रक्ताहून किंचित आंबट असल्यामुळे अशी आम्ले त्यात कमीच उतरतात. परंतु कासदाहात दुधाचा आंबटपणा घटतो आणि रक्त व दूध यांच्यामधला पडदा सैल होतो. तेव्हा दूध सोडण्याचे निरोगी गायींवर मोजलेले दिवस आजारी गायीला पुरतीलच असे मानता येत नाही, आणि औषध तर आजारी गायीलाच दिले जाते! उकळण्याने जंतू मरतात, ही औषधे मात्र चुलीवरच्या उकळीने नाहीशी होतात असे धरून चालणे धोक्याचे आहे. मोठ्या टाकीत एका गायीचे दूध हजार लिटरांत विरून जाते हा युक्तिवाद रतिबाला तर मुळीच लागू पडत नाही, कारण तिथे एकाच गायीचे दूध रोज त्याच घरात, बहुधा त्याच मुलाच्या पेल्यात जाते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या सर्वेक्षणात दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले, हा आकडाही दिलासा म्हणून पुढे केला जातो. पण तो प्रतिजैविकांचा आहे, वेदनाशामकांचा नव्हे. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनांश, मोजून भाव ठरतो, आणि त्या यंत्राला औषध दिसत नाही.

मग दूध सोडावे लागणार नाही असेच औषध का निवडू नये, या प्रश्नाचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदीची पावले उचलली गेली. युरोपात कीटोप्रोफेन दिल्यावर दूध एक दिवसही टाकावे लागत नाही. नेमके तेच गिधाडांना घातक ठरले आणि 2023 मध्ये भारतात जनावरांसाठी बंद झाले. गिधाडांना निर्धोक ठरलेल्या मेलॉक्सिकॅमसाठी युरोपात दूध 5 दिवस वर्ज्य मानतात. थोडक्यात, फुकटचे औषध नाही.

हे दिवस ठरवणारा कायदा आपल्याकडे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 97 व्या नियमात 2012 पासून अशी तरतूद आहे की प्रतीक्षाकाळ, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर दूध वापरात न आणण्याचा अवधी, वेष्टनावर छापावा, आणि तो त्या औषधासाठी निश्चित झालेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरावा. नियम चोख आहे, पण त्या दिवसांची भरपाई कोणी द्यायची याविषयी तो मुका आहे, आणि दोन गायींवर घर चालवणाऱ्या माणसाला औषध लपवण्याचा मोह होतो तो तिथेच.

म्हणून हा खर्च एकट्या गोठ्यावर न टाकता दूध संस्थेने वाटून घ्यावा, हाच मार्ग सयुक्तिक दिसतो. रोज 500 लिटर दूध गोळा करणाऱ्या संस्थेने लिटरमागे 5 पैसे बाजूला ठेवले तर वर्षाला 9,125 रुपये जमतात. दिवसाला 6 लिटर देणाऱ्या गायीचे 5 दिवसांचे दूध 30 रुपये भावाने 900 रुपयांचे होते, म्हणजे दहा आजारी गायींची भरपाई त्यातून निघते, आणि 7 दिवस धरले तरी सात गायींची. अट एवढीच की पशुवैद्यकाने औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख संस्थेच्या वहीत लिहावी आणि तेवढे दिवस त्या गायीचे दूध ना केंद्रावर यावे, ना रतिबाला जावे.