मुरघास आणि पेंड

मुरघासाचा खड्डा भरला म्हणजे दावणीची चिंता सरली, असा समज आपल्या मंडळींत पसरत आहे. तो पुरा खरा नव्हे. मक्याच्या मुरघासाच्या शुष्कांशांत प्रथिनें शेंकडा 7 ते 9 एवढींच असतात. दिवसाला 15 लिटर दूध देणाऱ्या गाईच्या एकंदर आहारांत तीं शेंकडा 14 च्या आसपास लागतात. ही उणीव कडब्यानें वा मक्याच्या भरड्यानें भरून निघत नाहीं. त्यासाठीं लसूणघास, सरकीची किंवा भुईमुगाची पेंडच पाहिजे.

याच्या उलट आयर्लंडांत पाहावें. तेथें गवताच्या मुरघासावर मोठे बैल मांसासाठीं पुष्ट करितात. वेळीं कापलेल्या कोवळ्या गवताच्या मुरघासांत प्रथिनें पुरेशीं असल्यामुळें जोडीला जवाचा भरडा पुरतो. वर पेंड घातल्यास वजन सहसा अधिक वाढत नाहीं, खर्च मात्र वाढतो.

तात्पर्य, पेंड किती घालावी हें चाऱ्यावरून ठरवावें, शेजाऱ्याच्या दावणीवरून नव्हे. आधीं मुरघासाचें पृथक्करण करून घ्यावें, मग पेंडीचा भाव विचारावा. आमच्या मतें प्रत्येक दूध संस्थेनें सभासदांस ही सोय करून द्यावी. अंदाजानें घातलेल्या पेंडीचा तोटा शेवटीं शेतकऱ्याच्याच पदरीं पडतो.