गुरं हायवेवर, शेणखत घाटावरून : रत्नागिरीचा हिशोब उलटा का झालाय?

7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय महामार्गांवरची मोकाट गुरं हटवण्याचे आदेश दिले. हेडलाइन भटक्या कुत्र्यांनी खाल्ली, कारण त्याच आदेशात तेही होते. पण चिपळूण ते राजापूर रात्री गाडी चालवणाऱ्याला त्यातला गुरांचा भागच जास्त ओळखीचा वाटला असणार. वळण घेतलं की हेडलाइटमध्ये रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेला कळप!

गुरं उचलून निवाऱ्यात न्या, असं कोर्ट म्हणतं. पण ती रस्त्यावर आली कुठून?

यातल्या बऱ्याच गुरांना मालक आहे. कोकणात भातकापणी झाली की गुरं मोकळी सोडायची जुनी पद्धत. शेतात पीक नसतं, कातळावर चरून संध्याकाळी ती आपसूक गोठ्यात येत. सोबत राखणारा गुराखी असे. आता गुराख्याच्या वयाची पोरं मुंबई-पुण्यात आहेत. नांगराला पॉवर टिलर आला आणि बैलाचं काम संपलं. मार्च 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी कायदा लागू झाला, त्यामुळे म्हातारा बैल विकायची वाटही बंद झाली. कायदा बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी वैरणीचा खर्च मालकाच्याच गळ्यात राहिला. मग दावं सोडलं जातं.

जे रस्त्यावर पडतं, तेच विकत आणलं जातं

दहा वर्षांवरच्या हापूसच्या कलमाला वर्षाला 50 किलो शेणखत द्यावं, ही कृषी विद्यापीठाची शिफारस बागायतदारांना पाठ असते. दहा-दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी 100 कलमं बसतात, म्हणजे 5 टन खत लागतं. त्यासाठी घाटावरून ट्रक येतात आणि खताच्या किमतीत वाहतुकीचा खर्चही मोजावा लागतो.

आता दुसरी बाजू. छोट्या चणीची देशी गाय दिवसाला साधारण आठ-दहा किलो शेण देते. वर्षाचं ओलं शेण तीन-साडेतीन टन. कुजून, सुकून त्याचं निम्म्याहून कमी उरतं असं धरलं तरी तीन-चार गुरांत एका हेक्टरची बाग भागते. अट एकच, जनावर गोठ्यात हवं. रात्रंदिवस बाहेर असलेल्या गुराचं शेण खड्ड्यात पडत नाही, डांबरावर पडतं.

जे शेण घरी येतं, त्याचं तरी काय होतं? एक वाटा भाजावळीत जातो. भाताचा तरवा करायच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा, गवत पसरून पेटवायचं. याने तण मरतं, जमिनीला राख मिळते, रोपं जोमदार येतात. म्हणजे पद्धत बिनडोक नव्हती. पण शेणातलं नत्र धुरात जातं आणि कवळासाठी झाडं ओरबाडली जातात. गादीवाफ्यावर कुजलेलं शेणखत घालून रोपं केली तर हे दोन्ही टळतं.

दुसरा वाटा पावसात जातो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उकिरडा असतो उघडा. नत्र, पालाश धुपून वहाळात जातं. विहीर उताराला असेल तर तिथेही.

युरोप-अमेरिकेतल्या ओल्या प्रदेशात घोडे पाळणाऱ्यांना हीच अडचण येते. त्यांचे दोन साधे नियम आहेत. लिदीचा ढीग झाकायचा, पाण्यापासून लांब ठेवायचा. आणि कुरण चिखल होण्याइतकं भिजलं की जनावरं एका छोट्या आवारात ठेवायची, म्हणजे गवताची मुळं तुडवली जात नाहीत. कोकणात यासाठी शेडनेट वगैरे विकत घ्यायची गरज नाही, झावळ्यांच्या झापांचा मांडव पुरतो. गोठ्यात पातेरा अंथरला की मूतही शोषलं जातं. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा हिस्सा मुतात असतो, आणि तोच बहुतेक गोठ्यांतून वाहून जातो.

पण खायला काय घालणार?

खरा पेच इथे आहे. गुरं बांधायची तर चारा हवा, आणि चाऱ्याची जागा म्हणजे कातळसडे. सरकारी भाषेत हे सडे बऱ्याचदा 'पडीक' ठरतात. जांभ्यावर बोटभर माती, तरी जूनपासून तिथे गवत उभं राहतं. याच सड्यांवरची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. शिल्पांचं कौतुक होतं, गवताचं होत नाही. चिरेखाणींनी काही सडे पोखरले. उरलेलं गवत वेळेत कापायला माणसं नाहीत, म्हणून ते उभं वाळतं आणि वणव्यात जातं. वणवा सड्यावर थांबत नाही, खालच्या आंबा-काजूच्या बागेत उतरतो. तेच गवत दिवाळीच्या आसपास कापून उडवी रचली तर वणव्याला जळायला फारसं उरत नाही आणि गुरांना उन्हाळाभर वैरण मिळते. कापणीची मजुरी एकट्या गुरंवाल्याला परवडत नाही. बागायतदाराने ती उचलून बदल्यात शेणखत घ्यावं, हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे.

नुसता कोंडवाडा बांधून हे होणार नाही. तिथे गुरं नेली तरी वैरण लागणारच, आणि त्या शेणाचं काय करायचं हे कुणीतरी ठरवावं लागेल.

आंब्याला खत घालायची वेळ जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. शेण नीट कुजायला चार-पाच महिने लागतात. म्हणजे खड्डा जानेवारीपर्यंत भरलेला हवा. आणि भात कापल्यापासून जानेवारीपर्यंत तर गुरं मोकळी हिंडत असतात.