सरकारी निर्णय : राजकीय, पक्षीय की पक्षातीत?

सरकारने काहीही केले, तरी ‘यात राजकारण आहे’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. योजना आली तर मतांसाठी, चौकशी लागली तर सूडासाठी, आयोग नेमला तर वेळ काढण्यासाठी! अनुभव पाहता हा संशय निराधार म्हणता येत नाही. परंतु ‘राजकीय’ आणि ‘पक्षीय’ या दोन शब्दांची यात गल्लत होते.

सार्वजनिक पैसा कोठे व कोणासाठी खर्चावा, हा प्रश्न मुळातच राजकीय आहे. त्या अर्थाने प्रत्येक सरकारी कृती राजकीय असणारच. ती पक्षीय असलीच पाहिजे, असे मात्र नाही. पल्स पोलिओ मोहीम आठवावी. १९९५ साली नरसिंह राव यांच्या कारकिर्दीत ती सुरू झाली. पुढे देवेगौडा, गुजराल, वाजपेयी, मनमोहन सिंग असे पंतप्रधान आले. केंद्रात काँग्रेस, संयुक्त आघाडी आणि भाजप यांची सरकारे झाली, पण डोस थांबला नाही. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई लावणाऱ्या सेविकेने त्याच्या बापाचा पक्ष विचारला नाही. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. राज्यसत्ता सार्वजनिक हितासाठी असते, ही दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेची शिकवण येथे व्यवहारात उतरलेली दिसते.

मग पक्षातीत ते सारे न्याय्य, असे म्हणावे काय? येथे आपल्याच घरातील प्रश्न आडवा येतो.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये शीख बांधवांचा आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा समावेश झाला. दोन्ही दुरुस्त्या उचितच होत्या. दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम मात्र बाहेरच राहिले. अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने त्यांची जात विसरली नाही. विसरला तो केवळ कायदा.

न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून अलग करावा, अशी शिफारस केली. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने अहवाल २००९ च्या अखेरीस संसदेपुढे ठेवला आणि तेथेच सोडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भाजपच्या सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन मिश्रा अहवाल सदोष ठरवला व या मागणीस विरोध केला. आयोगाची दोन वर्षांची मुदत पुढे वाढवण्यात आली.

एकाने अहवाल बासनात गुंडाळला, दुसऱ्याने तो नाकारला. फळ एकच! या बाबतीत पक्षभेद जवळजवळ दिसतच नाही. कारणही उघड आहे : विखुरलेल्या, अल्पसंख्य मतदारासाठी कोणत्याच पक्षाला दुसऱ्याशी भांडण्याची निकड वाटत नाही. पोलिओच्या बाबतीत पक्ष एकत्र आले ते कृतीसाठी. येथे ते एकत्र आले ते स्वस्थ बसण्यासाठी. पुढील निवडणुकीत मत मागण्यास कोणी धर्मग्रामात आले, तर ‘तुमचा पक्ष कोणता’ याआधी १९५० च्या त्या तिसऱ्या परिच्छेदाविषयी त्यांची भूमिका विचारावी, हे बरे.