लहान हाताची गिटार

या वेळी विषय जरा वेगळा आहे: गिटार. "आपा, तुमच्या घरात गिटार?" असं विचारणाऱ्या भगिनी असणारच, म्हणून आधीच सांगते. साज वाजवण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही, मराठी-उर्दू शिकवणारी बाई आहे. ज्या घरांत हे चालत नाही त्यांच्याबद्दल मला आदर आहे; माझी नणंदही त्यातलीच. आमच्याकडे चालतं. अजान झाली की गिटार कपाटावर जाते, हा नियम लेकीनेच घातला आहे.

लेक अकरा वर्षांची, सहावीत. तीन वर्षांची असताना दाराच्या फटीत तिच्या डाव्या हाताची करंगळी चेचली गेली. बोट वाचलं, पण आखूड राहिलं आणि मधल्या पेरात वाकत नाही. गिटारच्या मानेवर तारा दाबायचं काम नेमकं डाव्या हाताचं. दादरच्या एका क्लासमध्ये तिला घेऊन गेले. सरांनी एकदाच हात पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हिला कीबोर्ड घेऊन द्या. हे बोट पुढे नडणार." लेक काही बोलली नाही. टिळक पुलावरून येताना मात्र तिने तो हात सगळा वेळ दप्तराच्या पट्ट्याखाली दाबून धरला होता.

लालबागला घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेलेली. पुढे 1982 च्या संपात नोकरीही गेली. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "माझी बोटं गेली तेव्हा जॉबरने मला दुसऱ्या कामाला लावलं. साचा कोण बदलणार? तो मालकाचा. गिटार तर तू तुझ्या पैशाने घेणार ना, दुल्हन?"

मला रात्रभर ते वाक्य सोडेना. शाळेत आम्ही पाचवीच्या मुलाला दहावीच्या बाकावर बसवतो आणि वर त्याला "नीट बस" म्हणून रागावतो. इथेही तेच होत होतं का?

मग शोधायला लागले. नायलॉनच्या तारांची पूर्ण आकाराची गिटार घेतली तर वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत, म्हणजे तारेचा जो भाग वाजतो त्याची लांबी, साधारण 65 सेंटिमीटर असते. दुकानदार जिला 'थ्री-फोर' म्हणतात तिची 58 च्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. सात सेंटिमीटरने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण मानेवरचे फ्रेट तारेच्या लांबीच्या प्रमाणात बसवलेले असतात. मोठ्या गिटारवर पहिले चार फ्रेट 13.4 सेंटिमीटर जागा घेतात, छोटीवर 12. चार बोटं पसरायची तर हा दीड सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अख्खं बोट.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. तार तीच आणि सूरही तोच ठेवून लांबी कमी केली तर तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. 58 भागिले 65, त्याचा वर्ग करा: ताण सुमारे एक पंचमांशाने कमी. दाबायला तेवढी हलकी. ही काही खेळण्यातली गोष्ट नाही. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने 1956 मध्ये शिकणाऱ्यांसाठी साडेबावीस इंच लांबीच्या इलेक्ट्रिक गिटार काढल्या. त्यांची नेहमीची लांबी साडेपंचवीस इंच.

पैसे घालण्याआधी पारखायची एक युक्ती आहे. कॅपो म्हणून एक चिमटा मिळतो, तो मानेवर लावला की सगळ्या तारा तिथून पुढेच वाजतात. शेजारच्या मुलाकडून मोठी गिटार आणि कॅपो मागून आणला आणि दुसऱ्या फ्रेटवर लावला. उरलेली तार 57.9 सेंटिमीटर! म्हणजे तिथून पुढचे फ्रेट थेट थ्री-फोरच्या मापाचे. लेकीने बोटं ठेवून पाहिली. करंगळी नाही पोचली, पण उरलेली तीन बोटं करंगळीचं काम वाटून घेऊ शकतील एवढी जागा जवळ आली. त्याच शनिवारी आम्ही दोघी धोबी तलावला गेलो. तिथे जेर महालातलं फुर्टाडोजचं दुकान गोव्याच्या वादकांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. ही पेढी 1865 ची. त्या गल्ल्यांत गिटार विचारणाऱ्या आईकडे कोणी वळून पाहत नाही, बुरख्यातल्या आईकडेही नाही.

माप सुटलं, बोट राहिलं. इथे मला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका कामगार मुलाची गोष्ट सापडली. टोनी आयोमी, वय 17, साल 1965. पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, तीही तारा दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि बँजोच्या हलक्या तारा चढवल्या. पुढे 1971 च्या रेकॉर्डवर तर गिटारचा सूरच तीन अर्धस्वर खाली उतरवला, तारा आणखी सैल व्हाव्यात म्हणून. त्याच्या बँडचं नाव आणि गाणी आमच्या घरात लावण्यासारखी नाहीत, ते सोडा. सासऱ्यांना ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "पत्र्याचाच कारखाना ना?"

सूर उतरवता येतो, म्हणजे सूर ठरलेला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई ए डी जी बी ई अशा लावतात, कारण बहुतेक पुस्तकं आणि क्लास तसं शिकवतात. डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्रज वादकाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी मांडणी रूढ केली: डी ए डी जी ए डी. मोरोक्कोत अरबी ऊद वाजवणाऱ्यांबरोबर बसायचं होतं, त्यासाठी त्याने ती धरली. ऊद म्हणजे युरोपातल्या ल्यूटचा पूर्वज. अल-ऊद या शब्दातूनच ल्यूट हे नाव निघालं.

ही मांडणी कागदावर लिहिली आणि डी ला सा धरला, तर दिसतं ते असं: सा प सा म प सा. तंबोऱ्यापाशी बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. एकही तार न दाबता सगळी गिटार भरून बोलते. मग एका तारेवर दोन बोटांनी चाल काढायची, बाकीच्या तारा मागे घुमत राहतात. करंगळीला काम उरत नाही.

पण छोट्या गिटारवर ती जशीच्या तशी चालली नाही. तारा आधीच सैल, त्यात जाड तार आणखी उतरवली तर ती फ्रेटवर आपटून पत्र्यासारखी खडखडते. दोन संध्याकाळी आम्ही मायलेकींनी त्यावर घालवल्या. उपाय साधा निघाला. सगळी मांडणी एक स्वर वर न्यायची: ई बी ई ए बी ई. म्हणजे पहिली, दुसरी आणि सहावी तार जागच्या जागी, मधल्या तीन तारा एका स्वराने चढवायच्या. मोठ्या गिटारवर असं चढवलं तर ताण फार वाढतो. छोटीवर मात्र एक स्वर चढवल्यावर कुठे तो मोठीच्या नेहमीच्या ताणाइतका होतो. सा आता पांढरी तीनवर आला, सा प सा म प सा तसंच राहिलं.

सासरे खुर्ची ओढून तिच्याजवळ बसतात. त्यांना तुणतुणं आठवतं. लहानपणी लालबाग-परळमध्ये शाहीर अमर शेखांना त्यांनी ऐकलेलं आहे. "तुणतुण्याला एकच तार," ते सांगतात, "शाहिराचा गळा जिथे, तिथे खुंटी पिळायची. तारेसाठी शाहीर थांबत नव्हता."

नुकसानही आहे, ते लपवत नाही. पुस्तकातल्या कॉर्डच्या आकृत्या या मांडणीला लागू पडत नाहीत. मैत्रिणींबरोबर बसली की तिची बोटं वेगळ्या जागी पडतात, आणि क्लासच्या परीक्षेचा रस्ता तर बंदच दिसतो. शाळेच्या जुन्या वहीत ती स्वतःच आकृत्या काढते, बोटांना एक, दोन, तीन असे नंबर देते. चौथा नंबर त्या वहीत नाही. परवा मैत्रीण विचारत होती, "तुझी गिटार अशी का वाजते?" तर म्हणाली, "मी तशी लावलीय."

काल सासऱ्यांनी हौसेने खुंटी हातात घेतली आणि तिसरी तार दोन आटे जास्त पिळली. तुटली. दोघंही माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तोडली. शनिवारी पुन्हा धोबी तलाव.