भंगारात देण्याआधी उघडून तर पाहा!

मंडळी, हल्ली एक वाक्य कानावर पडले की माझे डोके फिरते. "याची दुरुस्ती परवडत नाही, नवीनच घ्या." मिक्सरबद्दल म्हणतात, छत्रीबद्दल म्हणतात, आणि आता शाळेच्या बँडमधल्या साइड ड्रमबद्दलही म्हणू लागले आहेत.

शाळा माटुंग्यातली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण शाळेशी नाही, त्या वाक्याशी आहे. जिन्याखालच्या खोलीत एक जुना साइड ड्रम पडला आहे. पितळी कवच, वर क्रोमचा मुलामा, व्यास १४ इंच, आणि कडेला 'मेड इन इंग्लंड' एवढेच वाचता येते. तो किलोवर विकायचा ठरतो आहे. मला विचारले तेही माजी शिक्षक म्हणून नव्हे, भंगारवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे म्हणून!

ज्यांना हे वाद्य माहीत नाही (आमच्या नातेवाइकांतले निम्मे) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साइड ड्रम म्हणजेच स्नेअर ड्रम. त्याला दोन तोंडे. वरच्या तोंडावर काठ्या पडतात. खालचे तोंड पातळ असते आणि त्याला स्प्रिंगसारख्या बारीक तारांची पट्टी चिकटून असते. कवायतीतला तो 'तर्र' आवाज या तारांचा. बाजूला एक खटका असतो. तो पाडला की तारा सुटतात आणि वाद्य साध्या ढोलासारखे बद्द बोलते. पूर्वी तोंडे कातड्याची असत आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती सैल पडत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्लास्टिकची तोंडे बाजारात आली आणि तो त्रास संपला. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे जुना ड्रम खरोखर गैरसोयीचा होता, ती आज दुकानातून आणून बदलता येते. बाकी सगळे लोखंड आणि पितळ!

आता या ड्रमचे आजार सांगतो. खोलीत बसून पान्याने उघडून पाहिले आहेत, ऐकीव नाहीत.

१) ताण देणारे बोल्ट गंजून अडकले आहेत. उपाय काय, तर रॉकेल किंवा गंज सोडवायचे तेल टाकून रात्रभर थांबणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकणे. जोर लावला तर बोल्ट तुटतो, आणि मग खरा खर्च सुरू होतो.

२) दोन ठिकाणी आटे गेले आहेत. पण आटे कवचाला नसतात. कवचावर जी घरे बसवलेली असतात त्यांच्या आत एक छोटा पितळी नट असतो, आटे त्या नटाला. नट बदलला की काम झाले. दोन्ही नटांना लागणारे पितळ मुठीत मावेल.

३) वाजवताना खुळखुळते. त्या घरांत नटाला धरून ठेवणारी स्प्रिंग असते, ती थरथरते. स्प्रिंगमध्ये नमद्याचा तुकडा भरला की गप्प बसते.

४) खटका टिकत नाही, आपोआप पडतो. त्याचा एक स्क्रू झिजला आहे आणि तारांची दोरी कुजली आहे. दोरीच्या जागी नायलॉनची बारीक दोरी चालते. ताणून वाकडी झालेली एखादी तार दोन्ही टोकांना कापून टाकली तरी बाकीच्या नीट वाजतात.

५) वरचे कडे वाकले आहे का? कडप्प्याच्या ओट्यावर उपडे ठेवून पाहिले. जरासे डुलते. ठोकून सरळ होण्याजोगे आहे.

क्रोमवर डाग आहेत, ते राहू द्यावेत. आवाजाशी त्यांचा संबंध नाही.

यात 'परवडत नाही' असे काय आहे, ते मला कोणी समजावून सांगावे.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळत नाही. या बोल्टांचे माप बाजारात सहज मिळत नाही. अमेरिकन ड्रमना सहसा १२-२४ मापाचा आटा असतो, म्हणजे १२ नंबरची जाडी आणि इंचाला २४ आटे. मिलिमीटरमध्ये ही जाडी साधारण साडेपाच भरते. म्हणजे पाचचा बोल्ट ढिला आणि सहाचा जात नाही. जुन्या इंग्लिश ड्रमची मापे आणखी निराळी. कोणीतरी यातल्या एका नटात सहाचा बोल्ट पान्याने पिळून घुसवला आहे, आणि आटे गेले ते त्यामुळे! म्हणजे ज्याला आपण 'जुने झाले' म्हणतो, ते पुष्कळदा 'अडाणीपणे हाताळले' असते.

पण माप मिळत नाही म्हणजे बनवता येत नाही, असे थोडेच आहे? शाबूत बोल्ट नमुना म्हणून न्या, पिच गेज लावून आटे मोजा, लेथवर नट करा. नागदेवी स्ट्रीटला टॅप आणि डाय विकणारी दुकाने आहेत. आणि माटुंग्याच्या लोकांनी तरी 'दुरुस्ती होत नाही' म्हणू नये! आपल्या दाराशी रेल्वेचे वर्कशॉप १९१५ पासून उभे आहे. तिथे काय होते? आख्खा डबा उघडतात, चाके काढतात, झिजलेले तेवढे बदलतात आणि डबा पुन्हा रुळावर जातो. व्हीजेटीआय १९२३ पासून आपल्या माटुंग्यात आहे. एवढ्या दोन संस्थांच्या मधे राहून आपण दोन नटांसाठी हात टेकावेत?

दुसरा आक्षेप मजुरीचा. कारागीर अर्धा दिवस घालवणार, त्याचे पैसे नव्या वाद्याच्या जवळ जाणार. हिशोब वरवर बरोबर आहे. पण 'नवे' म्हणजे नेमके काय, तेही विचारा. शाळेला परवडणाऱ्या स्वस्त ड्रमचे कवच पातळ पत्र्याचे आणि घरे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. ती झिजत नाहीत, तडकतात. तडकली की सुटा भाग मिळत नाही. मग तीन-चार वर्षांनी तेच वाक्य पुन्हा. गिरणगावातल्या गिरण्यांत असंख्य फिटर आणि टर्नर होते. १९८२ च्या संपानंतर त्यातल्या किती जणांच्या हातची कामे गेली, हे इथल्या लोकांना मी सांगायला नको. ज्यांचे हात अजून चालतात त्यांच्याकडे आपण कामच नेले नाही, तर उद्या कारागीर मिळत नाही म्हणून रडायचा हक्क आपल्याला नाही.

सरकारनेही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, संकेतस्थळ काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने त्यात आहेत. छान आहे. पण ज्याला स्क्रू उघडायचाच नाही, त्याने हक्क घेऊन काय करायचे?

आणि सगळ्यात राग येतो तो याचा, की हे शाळेत घडते आहे. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो. त्या तासाला आइसक्रीमच्या काड्यांचे घर करून घेतात, प्रदर्शनात मांडतात आणि नंतर फेकतात. त्याऐवजी आठवीच्या दहा मुलांपुढे हा ड्रम ठेवा. आटा म्हणजे काय, गंज का चढतो, ताण वाढला की सूर का चढतो, तिन्ही धडे एका वाद्यात आहेत. वर ज्या मुलाने नट बसवला तोच २६ जानेवारीला ड्रम गळ्यात अडकवून उभा राहील. तो पुढे कोणती वस्तू बघताक्षणी भंगारात टाकेल, असे मला वाटत नाही.

जाता जाता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक शब्द. 'अँटिक आहे, हात लावू नका, गंजासकट कपाटात ठेवा' हेही मला पटत नाही. मूळ भाग शक्यतो राखा, कवचाला नवी भोके पाडू नका, काढलेला भाग डबीत जपून ठेवा. पण वाद्य वाजले पाहिजे.

असो. माझे म्हणणे शाळेला लेखी दिले आहे, भंगारवाल्याचा नंबर दिलेला नाही. आता वाचकांना एकच विनंती. सायनपासून लालबागपर्यंत इंग्लिश मापाचे आटे पाडून देणारा लेथवाला कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया कळवा. नमुन्याचा बोल्ट मी स्वतः घेऊन जाईन.