शेकोटीवरची जाळी आणि सहाचा सूर्यास्त



थंडी पडली की पोफळीत शेकोटीचे बेत ठरू लागतात. कोयनेच्या वीजगृहामुळे इथे घाटावरची बरीच कुटुंबं आहेत. त्यांना हुरड्याची आठवण येते, आणि मुलांच्या तोंडी आता 'बार्बेक्यू' हा शब्द बसला आहे. मग आपल्या घरांत दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, "त्या जाळीवर कोंबडी भाजलेली असते, मुलांनी जायचंच नाही." मुलं म्हणतात, "आम्ही पनीरच खाणार, मग हरकत काय?" मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. माझं मत असं, की जाळी घरची असावी, ती मुलांच्या हातून करवून घ्यावी, आणि विस्तव दिवसाउजेडी पेटवून दिवेलागणीच्या आत विझलेला असावा. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याबद्दलच कुणी बोलत नाही.

जाळी काही अवघड प्रकरण नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलची दीड फूट बाय एक फूट चौकट आणि तिच्यावर 6 मिलिमीटरच्या साध्या काळ्या लोखंडी सळ्या जोडून घ्यायच्या. दोन सळ्यांत बोटभर अंतर ठेवायला सांगा, म्हणजे केळ्याचे काप खाली पडत नाहीत. कुंपणाची चकचकीत जाळी कापून वापरण्याचा मोह मात्र टाळा. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो फार तापला की त्याचा धूर होतो, आणि तो छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. नवी जाळी आधी रिकामीच विस्तवावर चांगली तापवा, गार झाल्यावर काथ्याने घासा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. टेकूला दोन्ही बाजूंना चिरे लावा, जाळी निखाऱ्यांपासून वीतभर उंच राहील असे. जांभा ओल धरतो, म्हणून पडवीत ठेवलेले कोरडे चिरेच घ्या. नदीतले गोटे नकोतच. आत मुरलेलं पाणी तापलं की गोटा फुटतो आणि तुकडे उडतात.

आता जळणाचं. रानात पडलेली फांदी फुकट मिळते खरी, पण आपल्याकडचा पाऊस असा की लाकूड दिवाळीनंतरही आतून ओलं असतं, आणि सालीखाली वाळवी, मुंग्या, भुंगेरे. तो ओंडका विस्तवात ढकलायचा आणि वर पनीर ठेवून स्वतःला अहिंसक म्हणवायचं, हे मला पटत नाही. गृहस्थाला चूल चुकत नाही. अग्निकायिक जीवांची आरंभी हिंसा आपल्या हातून रोज होतेच. पण रोजचा स्वयंपाक गरजेचा आहे, शेकोटी हौसेची. हौसेला यत्नाचार जास्त हवा. म्हणून माझी पसंती नारळाच्या करवंट्यांना. कोकणातल्या घरात त्या साठतातच, उन्हात खडखडीत वाळतात, आतून-बाहेरून एका नजरेत तपासता येतात, आणि त्यांचे निखारे चांगले कडक होतात. शिवाय त्या मोजून नेता येतात. मोजून नेलं की आग आपोआप वेळेत संपते, तिच्यावर पाणी ओतावं लागत नाही.

वेळेचा हिशोब सांगते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जेवण त्याच्या दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटं आधी आटोपायचं, तर पाच-सव्वापाचला हात धुवून व्हायला हवेत. म्हणजे तीनला पेटवा आणि ज्वाळा बसल्यावरच जाळी चढवा. "दिवसा कसली शेकोटी, मजाच नाही," असं मुलं म्हणतील. म्हणू देत. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त दिवा लावून जेवणाऱ्यालाही सूट दिलेली नाही. सूर्याचा उजेड नसताना अन्नातले सूक्ष्म जीव टाळणार कसे, हा त्यांचा प्रश्न आहे. शेकोटी तर दिव्याच्या कितीतरी पट मोठी. अंधारात तिच्यावर झेपावणारे पतंग आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. म्हणून जेवण आधी उरकून रात्री नुसतं शेकत बसायलाही माझा विरोध आहे.

जाळीवर काय ठेवायचं हे तुम्हाला सांगायला नको. बटाट्याऐवजी कच्ची केळी, सोलून अळी पाहून घेतलेलं कणीस, उभी चिरून आत बघितलेली ढोबळी मिरची. फक्त पनीरच्या मसाल्याकडे लक्ष द्या. व्हिडिओ बघून मुलं दही आणि बेसन एकत्र करतात, आणि द्विदल होतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यापेक्षा कोकमाचं आगळ, जिरं, तिखट, मीठ आणि थोडं तेल. चव उलट आपली लागते.

आणि हे सगळं आपल्या अंगणात किंवा कुणाच्या वाडीत करा, कुंभार्ली घाटात नको. वरचं कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात आहे. अभयारण्यात आग लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि वाळल्या गवतात एक ठिणगी गेली तर वणव्यात किती जीव जातील त्याला हिशोब नाही.

राहिली सर्वांत नाजूक गोष्ट. चार घरांच्या कार्यक्रमात आपली जाळी वेगळी मांडली की शेजाऱ्यांना वाटतं, ह्या आम्हाला विटाळ मानतात. ही भीती खोटी नाही. आपल्यातल्या काही जणी बोलतातही तसं, "तुमच्या जाळीला आम्ही हात लावत नाही" वगैरे. असं तोंडावर बोललं तर शेजारणीला लागणारच, मग आपली जाळी कितीही शुद्ध असो. मी म्हणते, तिच्या जाळीबद्दल काही बोलूच नका. आपली जाळी मोठी करून घ्या, दीड फुटाऐवजी दोन फूट, सळ्यांचा खर्च तेवढा वाढेल. तीन वाजताच सगळ्यांना बोलवा आणि पहिली कणसं शेजारच्या मुलांच्या हातात द्या.