नाव बदलले, डबी तीच

भगिनींनो, महाद्वार रोडला खरेदीला गेलात की गोरेपणाच्या क्रीमची डबी दिसतेच. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. जाहिरातीत सावळी मुलगी उजळली की तिला नोकरी लागायची. मग शिकली कशाला? २००३ साली याच नावाने स्त्रियांच्या प्रगतीसाठी फाउंडेशनही निघाले! २०२० साली ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले, एवढेच.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना नीट लुगडे नेसायला, चांदीचे जडशीळ दागिने टाकायला सांगितले. जातीची खूण पुसायची होती, कातडीचा रंग नव्हे.

डबी घ्यायची तर घ्या, पैसा तुमच्या कष्टाचा आहे. पण मुलाखतीला निघालेल्या लेकीला ‘थोडी लाव गं’ म्हणू नका.